मास्तरांच्या लादीवरची पावलं

"उद्या येईन" असं मास्तर कधी म्हणायचे नाहीत. "उद्या येऊ शकेन" म्हणायचे. नळावर कोणी बाई म्हणाली, की आज चारला पाणी येईल, तर बादली खाली ठेवून ते म्हणायचे, "येऊ शकेल." बायका तोंडाला पदर लावायच्या. एकदा समोरच्या खोलीतल्या काकूंनी त्यांना छेडलंच. "मास्तर, तुमचं लग्न झालंय की होऊ शकेल?" मास्तर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "होऊ शकलं असतं." बादली उचलून गेले. काकूंचंच तोंड उतरलं.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ होती. आमच्या आणि मास्तरांच्या खोलीत फळ्यांची भिंत. ते पूर्वी गोदीत कारकून होते, बोटींवर जाणाऱ्या माणसांचे कागद करायचे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, घरात अनवाणी, आणि कानावर खडू. खोली एकट्या माणसाच्या मानानं मोठी, पण झोपायचे उंबऱ्याला लागून, दार उघडं ठेवून. कुत्रं शिरेल, चोर शिरेल, असं लोक सांगून थकले. मास्तर म्हणायचे, "आत यायचं त्याला यायला अडचण नसते. जायचं त्याला असते." कोणालाच ते कळायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. कोणाच्या तोंडाकडे बघून बोलायची मला सवय नव्हती, अजूनही नाही. तरी मास्तरांची इंग्रजी शिकवणी मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते, कारण फळीपलीकडचं सगळं ऐकू यायचं.

संपात गिरण्या बंद पडल्या आणि चाळीतले पुरुष दिवसभर घरात दिसू लागले. मग आखाताचं वारं सुटलं. अंधेरीच्या एका हॉटेलात साहेब यायचा, फिटर, वेल्डर निवडायचा. दहा प्रश्न इंग्रजीत विचारायचा. हातात कसब असलेली माणसं त्या खुर्चीसमोर मुकी होऊन परत यायची. अशांना मास्तर दुपारी दोन ते चार शिकवत. पैसे घेत नसत. ज्याच्या घरी जे शिजेल त्यातलं एक ताट द्यायचं.

पुस्तक नव्हतं, फळाही नव्हता. मास्तर म्हणायचे, "साहेबाला तुमचं घराणं नको असतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. तुमच्यानं काय होतं, तुम्हाला काय करावंच लागेल, आणि कशाला त्याची परवानगी लागेल. कॅन, मस्ट, मे. एवढं आलं की बाकीचं इंग्रजी मागून येऊ शकेल." कॅन म्हणताना ते दंडावर हात मारायचे. मस्ट म्हणताना स्वतःची मान धरायचे. मे म्हणताना दाराकडे बोट करायचे. चौथा शब्द विल. त्याला खूण नव्हती. "तो तुम्ही बोलायचा नाही. विल म्हणायचा हक्क साहेबाला. होणार की नाही, ते तो सांगतो."

पुरुषांना खेळच मिळाला. रांगेत उभं राहून दंडावर हात मारायचे. काकूंनी तर काकांची मान धरून त्यांना रॉकेल आणायला पाठवलं होतं, "मस्ट! मस्ट!" करत.

आमचे हे गिरणीत फिटर होते. वर चढून पट्टे, चाकं दुरुस्त करायची असली की यांनाच हाक. पण शिकवणीला जा म्हटलं की म्हणायचे, "माका जमाचा नाय. गिरणीत साचो बोलता आणि मी आयकतंय. हय उलटाच." साचो म्हणजे यंत्र. शेवटी गेले.

यांच्या शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन मास्तरांच्या दारात गेले. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार कमी बोलता. साहेबही कमी बोलतो. बसा."

त्या खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावर मला बसवलं. सात-आठ पुरुष खाली चटईवर, त्यात माझा नवरा, आणि मी वर. मास्तरांनी एक पुठ्ठा हातात दिला. त्यावर साहेबाचे प्रश्न देवनागरीत लिहिले होते. पायाच्या अंगठ्याकडे बघत मी वाचलं, "कॅन यू वर्क ॲट हाइट?" उंचावर काम जमतं का?

एक जण म्हणाला, "वयनी, पास करा ना यार!"

दुसऱ्यानं त्याला हाणलं. "साहेबाक यार म्हणतंस? चल, नापास!"

मास्तर मात्र गंभीर होते. त्या दिवसापासून ते मला साहेबच म्हणू लागले. प्रत्येकानं दाराबाहेर जायचं, "मे आय कम इन, सर?" विचारायचं, मी "येस" म्हटलं की आत यायचं. "साहेबानं हो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही," मास्तर बजावायचे. यांची पाळी आली आणि माझा आवाजच फुटेना. नवऱ्याला हो म्हणायचं चारचौघांत! हे बाहेर उभे. चटईवरून कोणी तरी ओरडलं, "वयनी, घेवा मां आत तेंका, पाय दुखतले तेंचे!" मी कसंबसं येस म्हटलं. उंचीचा प्रश्न विचारला. हे घाईघाईनं म्हणाले, "कॅन, कॅन." दोनदा म्हणायची खोड त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

हे पास झाले. जायच्या दिवशी मास्तरांनी यांना अनवाणी लादीवर उभं केलं आणि गुडघे टेकून खडूनं यांच्या पावलांची कड काढली. बोटं दाराकडे. जाणाऱ्या प्रत्येकाची ते तशी काढायचे. आमच्याकडे गौरीची पावलं काढतात ती आत येणारी. ही सगळी बाहेर जाणारी. अकरा जोड्या होत्या तेव्हा. माणूस सुट्टीवर परत आला की आपल्या पावलांवर उभा राहायचा, मग स्वतः ओल्या फडक्यानं ती पुसायचा आणि घरी जेवायला जायचा. तोवर झाडताना त्यांना केरसुणी लागू द्यायची नाही. शनिवारी मास्तर पुसट झालेल्या रेघा पुन्हा गिरवायचे. माप नाही, काही नाही. तरी पाऊल तसूभर बदलायचं नाही.

एक जोडी वेगळी होती. ट्रंकेजवळ, अगदी भिंतीकडे. अरुंद, तरण्या माणसाची. तिची बोटं आत होती. ती ते कधी गिरवत नसत आणि ती पुसटही होत नसे. एकदा त्यांची खोली झाडताना मी विचारलं, "हे कोण?"

"तो आलेला आहे," मास्तर म्हणाले.

"मग पुसली का नाहीत?"

त्यांनी माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि तेवढा कोपरा स्वतः झाडला.

हे गेले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळीवर टकटक केलं. "साहेब, हजेरी." शिकवणीच्या आधीची ही हजेरी मास्तर तोवर मनातल्या मनात घेत, म्हणून फळीपलीकडे ती मला कधी ऐकू आली नव्हती. मी खुर्चीवर बसायचं, एकेका पावलाच्या जोडीकडे बघून त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि एक प्रश्न विचारायचा. मग सगळे गप्प. मास्तर मान एका बाजूला कलती करून ऐकायचे. दुपारची वेळ, पत्रा तापून कडकड वाजायचा, खाली कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. आणि मास्तर उत्तर म्हणून दाखवायचे. एक जण बोबडा होता, त्याचं बोबडं. एक जण नाकात बोलायचा, त्याचं नाकातलं.

यांचं नाव मी कसं घेणार? मी नुसतंच पावलांकडे बघून विचारलं, "कॅन यू वर्क ॲट हाइट?"

मास्तर थांबले. मग म्हणाले, "कॅन, कॅन."

आवाज मास्तरांचाच होता. पण दोन शब्दांमध्ये घशात जी अडखळ होती, ती मास्तरांची नव्हती. घरी येऊन मी दार लावून बसले. पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता टकटक झाली आणि मी गेले. खरं सांगायचं तर रोज त्यासाठीच गेले. पत्र महिन्याला एक यायचं. ते "कॅन, कॅन" रोज यायचं.

मग पत्र यायचं थांबलं. एक महिना गेला, दुसरा गेला. यांच्याबरोबर गेलेला एक जण तिथं दुसऱ्या गावी कामाला होता, त्यानंही काही कळवलं नाही. काकू म्हणाल्या, "पोस्टाचं काय गं, वाट लागलीय पोस्टाची." पण माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. हजेरीत उत्तर येतंय ना, एवढ्यावर मी दिवस काढत होते.

तिसऱ्या महिन्यातल्या एका दुपारी मी प्रश्न विचारला आणि मास्तर बोलले नाहीत. मान कलती केलेली, डोळे मिटलेले. चटईवर तिघं बसले होते. पत्रा वाजत होता.

"परत विचारा," मास्तर म्हणाले.

मी विचारलं. तीनदा विचारलं. मास्तरांनी डोळे उघडले आणि त्या तिघांना म्हणाले, "आज शिकवणी नाही. जा." त्यांच्या आवाजानं ते चपला हातात घेऊनच गेले.

"उत्तर येत नाही," मास्तर मला म्हणाले. "तोच विचारतोय."

"काय?"

त्यांनी हात उचलला आणि दाराकडे बोट केलं.

आधी मला आनंदच झाला. हे येतायत, असं वाटलं. मग मी मास्तरांचं तोंड बघितलं. ते खडूसारखं पांढरं होतं.

"धडधाकट माणूस तिथून विचारत नाही, वहिनी," ते म्हणाले. "धडधाकट माणूस तिकीट काढून येतो." त्या दिवशी त्यांनी मला साहेब म्हटलं नाही.

मग त्यांनी ट्रंकेकडच्या पावलांचं सांगितलं. तो त्यांचा धाकटा भाऊ. मास्तरांनीच त्याला इंग्रजी शिकवलं, मास्तरांनीच कागद केले, बोटीवर लावला. त्याला बूट घ्यायचे होते, म्हणून मापासाठी लादीवर पावलं काढली. बूट आले, भाऊ गेला, पावलं पुसायची राहिली. एका दुपारी मास्तर जेवत होते आणि त्यांनी ऐकलं, "मे आय कम इन?" भावाचाच आवाज. थट्टेखोर होता तो. मास्तर हातातला घास टाकून ओरडले, "येस, येस, ये रे आत!" दारात कोणी नव्हतं. मागे वळून बघितलं तर पावलांची बोटं आत फिरली होती. तार आठ दिवसांनी आली. त्याच दुपारची वेळ होती तिच्यात.

"मी बोलावलं म्हणून तो आला," मास्तर म्हणाले. "नसतं बोलावलं तर कदाचित तो तिथंच... मला माहीत नाही. पण आला तो इथंच आहे. त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून मी दार लावत नाही."

त्यांनी फडकं ओलं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "घरच्या माणसानं पुसायचं असतं. पुसा. म्हणजे हा तरी अडकणार नाही."

"पुसलं तर काय होईल?"

"जाईल तो."

"कुठं?"

फडक्यातून पाणी लादीवर ठिबकत होतं, यांच्या टाचेपासून वीतभर लांब.

मी खुर्चीवरून उठले नाही. येस म्हटलं तर हे त्या भावासारखे येणार. पुसलं तर मी माझ्या हातानं यांना घालवणार. आणि दारात हे उभे आहेत, शिकवल्याप्रमाणे, साहेबानं हो म्हणायची वाट बघत. मला दिसत काही नव्हतं. पण दारातून येणाऱ्या उन्हाकडे मला बघवेना.

हातात पुठ्ठा होता. त्याच्यावर सगळ्यात खाली एक ओळ होती, ती आम्ही कधी वापरली नव्हती. साहेबाचं ठरत नसेल तर साहेब काय म्हणतो, ती. अक्षर अक्षर लावत मी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर करून, दाराकडे तोंड करून, मोठ्यानं बोलले.

"वेट आउटसाइड. आय विल कॉल यू."

विल ऐकून मास्तर दचकले. पण साहेब मी होते.

त्यांनी मान कलती केली, ऐकलं, आणि फडकं बादलीत टाकलं. "थांबलाय," ते म्हणाले.

त्यानंतर मी रोज दुपारी दोनला जाऊन तेच एक वाक्य म्हणत होते. दुसरा प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. शनिवारी मास्तर इतरांची पावलं गिरवायचे आणि यांच्यापाशी येऊन थांबायचे. मी खडू त्यांच्या हातातून घेतला आणि यांची पावलं मी गिरवली. जमली तशी.

एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. अक्षर परक्याचं होतं. यांच्या खोलीतल्या एकानं लिहिलं होतं. पगार थकल्यामुळे यांनी दोन महिने पत्र टाकलं नव्हतं, आणि मग हे परांची तुटून तीन मजल्यांवरून खाली पडले, पायाचं हाड मोडलं, डोक्याला मार, कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणून कळवायचं कसं, या विचारात राहिलो, माफ करा. आता बोलतात. पुढे लिहिलं होतं, "शुद्धीवर येताच सारखे विचारत होते, माझो नंबर लागलो काय? बाहेर किती वेळ बसवलं म्हणून कुरकुर करत होते. आम्हाला फार हसू आलं."

ते पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांना हसू आलं नाही, मलाही नाही.

हे परत आले ते काठी घेऊन. त्या दिवसांतलं यांना काही आठवत नव्हतं, आणि मी कधी खोदून विचारलं नाही. पावलांवर उभे राहिले, एक पाऊल नीट टेकत नव्हतं. फडक्यानं पुसली आणि घरी येऊन जेवले. भात दोनदा मागून घेतला. मी पदराआड तोंड करून रडून घेतलं.

पुढे शिकवणी बंद झाली. आखाताला जाणारे जात होते, पण मास्तर नवीन माणूस घेईनात. एकेक जण परत येत गेला, पावलं पुसली जात गेली. शेवटचा बोबडा आला, त्यानंही पुसली. मग एका दुपारी फळीवर टकटक झाली नाही, मास्तर स्वतः दारात आले. बाहेरच उभे राहिले. शर्ट नेहमीसारखा गळ्यापर्यंत बंद, पण कानावर खडू नव्हता.

"साहेब, एक काम होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही थांब म्हणालात. मला ते सुचलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत होतो, पण त्या दुपारी मला येसशिवाय काही सुचलं नाही."

मी ओले हात पदराला पुसले.

"आता त्याला जाऊ द्यायला हवं. पण मी म्हटल्यानं तो जात नाही. मी रोज म्हणतो. मी भाऊ पडलो. मी जा म्हणतो, पण मनातून म्हणत नाही, हे त्याला कळतं. तुम्ही सांगा."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि मानेनंच जा म्हणाले.

मास्तरांची खोली त्या दिवशी फार मोठी वाटली. लादीवर एकच जोडी उरली होती, भिंतीकडची. मी खुर्चीवर बसले. काय म्हणायचं ते पुठ्ठ्यावर नव्हतं. मास्तरांनी शिकवलं आणि मी दोनदा मनात घोकलं.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत ते नाव मास्तरांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

मी ते नाव घेतलं आणि म्हटलं, "यू मे गो."

मास्तरांनी मान कलती केली. बाहेर नळाला पाणी आलं होतं, हंड्यांचा आवाज येत होता. तो आवाज हळूहळू लांब गेल्यासारखा झाला. मास्तरांचे ओठ हलले. आवाज निघाला तो वीस-बावीस वर्षांच्या पोराचा, जरा हसरा.

"थँक्यू, सर."

त्यांनी फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसले. आधी टाचा पुसल्या, मग बोटं. पुसायला वेळ लागला नाही. मग माझ्या लक्षात आलं, की माझी खुर्ची ट्रंक आणि दार यांच्या मध्ये आहे. मी उठले, खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

माझ्यासमोरून कोणी गेलं असं मला दिसलं नाही. मास्तर मात्र कोणाच्या तरी मागोमाग चालल्यासारखे उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं थांबून त्यांनी हात वर केला, गोदीवर बोट सुटताना माणसं करतात तसा. नळावरच्या बायका हंडे सोडून बघायला लागल्या. मास्तरांचा हात खूप वेळ खाली आला नाही.